शीतगृहातली घड्याळं: स्विचवर नेटवर्क वेळ लावण्याच्या नोंदी

७ एप्रिल २०२५, सोमवार, सकाळ

नागपुरातल्या कळमन्याच्या या शीतगृहाची कामाची चिठ्ठी एका ओळीची होती: मेन स्विच तारीख चुकीची दाखवतो, वेळ लावून द्यावी. काल रामनवमी, शोभायात्रेमुळे अर्धं शहर रस्त्यावर होतं, म्हणून आज आले.

रॅक ऑफिसच्या मागच्या खोलीत. वर टिनाचा पत्रा, खिडकी नाही. अकरा वाजताच रॅकच्या दाराला हात लावला तर चटका बसतो. चोवीस पोर्टचा मॅनेज्ड स्विच, म्हणजे सगळ्या यंत्रांच्या नेटवर्कच्या तारा एकत्र जोडणारा डबा. त्याच्यावरूनच चौदा कॅमेऱ्यांना वीज आणि नेटवर्क. खाली एनव्हीआर, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र. एका पोर्टवर चारही चेंबरचं तापमान नोंदवणारा लॉगर, एकावर वजनकाट्याचा संगणक, एक तार फायबरच्या राउटरकडे. एनव्हीआर छोट्या यूपीएसवर आहे. स्विच मात्र थेट भिंतीच्या सॉकेटवर.

स्विचच्या लॉगमधली पहिली ओळ अशी: १ जानेवारी १९७०, ००:००:३८, पोर्ट १ चालू. म्हणजे या यंत्राच्या आत बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. वीज गेली की ते शून्यावर येतं आणि युनिक्सच्या शून्य क्षणापासून, १९७० च्या पहिल्या सेकंदापासून, मोजायला लागतं. आजची तारीख ते ४ जानेवारी १९७० सांगतंय. यात बिघाड काही नाही, त्याला वेळ कुणी सांगितलीच नाही.

एवढ्यावर वेळ लावून अर्ध्या तासात निघता आलं असतं. पण लॅपटॉप जोडत होते तेव्हा रात्रपाळीचे ऑपरेटर काका दारात येऊन उभे राहिले. रात्रपाळी संपून तीन तास झाले होते, घरी गेले नव्हते. म्हणाले, "बाई, तुम्ही कॅमेऱ्याच्या टाइमाचं पाहाले आल्या का? मंग माहं बी पाहा नं."

गोष्ट अशी. ३ एप्रिलची रात्र उलटून ४ तारीख लागल्यावर तीन नंबरच्या चेंबरचं तापमान चढलं. आत मिरची आहे, पाच अंशांवर ठेवतात, साडेसहापर्यंत गेलं. दुसऱ्या दिवशी मॅनेजर साहेबांनी दोन नोंदी काढल्या. एनव्हीआरवर काका तीन नंबरचं दार उघडताना दिसतात, वेळ ०२:०८. लॉगरच्या आलेखात तापमान चढायला लागतं ०२:२१ ला. आधी दार उघडलं, मग तापमान चढलं. सरळ हिशेब. काकांचा तीन दिवसांचा पगार कापायचं ठरलं आणि हजेरीपत्रकात लाल शाईने तशी ओळही पडली.

काका म्हणतात, "लाइन गेली होती. मशीन मी लगेच चालू केली. मंग बऱ्याच वेळानं तीन नंबरचा अलारम वाजला, तवा गेलो आत. त्याच्या आधी दाराले हात बी नाई लावला." लाइन गेल्याची नोंद मात्र ऑफिसात कुठेच नाही.

त्यांना बसायला खुर्ची दिली आणि ठरवलं की आज एकाही घड्याळाला हात लावायचा नाही. आधी प्रत्येक घड्याळ किती चुकतंय ते मोजायचं. वेळ दुरुस्त केली की चूक पुसली जाते, आणि चूक पुसली की ४ तारखेच्या त्या नोंदींचा अर्थ लावायचं साधनही जातं. आमच्या धंद्यात हे रोज होतं. मेनूत जायचं, "सिंक नाऊ" दाबायचं, मोकळं व्हायचं. मागच्या सगळ्या नोंदी किती सरकलेल्या होत्या हे मग कुणालाच कधी कळत नाही.

७ एप्रिल, दुपार

लॅपटॉप फोनच्या इंटरनेटवर घेऊन एनआयसीच्या, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, वेळेशी जुळवला. फरक काही मिलिसेकंदांचा, माझ्या कामाला पुरेसा. मग लॅपटॉपवर सेकंदासकट घड्याळ मोठं करून ते प्रत्येक यंत्राच्या स्क्रीनशेजारी धरलं आणि दोन्ही एकाच फोटोत घेतले. एकेका यंत्राचे तीन-तीन फोटो. काकांनीच लॅपटॉप धरला.

एनव्हीआर ३१ मिनिटं ८ सेकंद मागे. लॉगर ६ मिनिटं २ सेकंद पुढे. वजनकाट्याचा संगणक ४० सेकंद पुढे.

स्विचला तारीख माहीत नाही, पण आपण किती वेळ चालू आहोत हे त्याला माहीत असतं. ११:२० वाजता त्याचा अपटाइम होता ३ दिवस ९ तास १४ मिनिटं १० सेकंद. मागे मोजत गेलं की ४ एप्रिलच्या पहाटे ०२:०५:५० येतं. त्या क्षणी स्विच नव्याने सुरू झाला, म्हणजे त्याच सुमारास त्याची वीज गेली होती.

वही काढून मांडलं:

०२:०६ च्या आसपास लाइन गेली, आली.
०२:१५ ला तीन नंबरचं तापमान चढायला लागलं (लॉगर ०२:२१ म्हणतो, तो सहा मिनिटं पुढे).
०२:३९ ला काकांनी दार उघडलं (एनव्हीआर ०२:०८ म्हणतो, तो एकतीस मिनिटं मागे).

दार उघडण्याच्या चोवीस मिनिटं आधीपासून तापमान चढत होतं.

आकडा एकाच बाजूने जुळला की मला चैन पडत नाही, म्हणून दुसरीकडूनही तपासलं. कॅमेऱ्यांना वीज स्विचकडून मिळते. स्विच बंद झाला असेल तर चौदाही कॅमेरे एकदम गेले असणार आणि यूपीएसवरच्या एनव्हीआरने ते नोंदवलं असणार. एनव्हीआरमध्ये ४ तारखेला ०१:३४:४५ ला "व्हिडिओ लॉस", चौदाही चॅनेल. त्यात ३१ मिनिटं ८ सेकंद मिळवले की ०२:०५:५३. स्विचच्या अपटाइमपासून तीन सेकंदांवर. दोन यंत्रं, दोन वेगळे हिशेब, एकच क्षण.

काकांना वही दाखवली. ते आकडे वाचत बसले नाहीत. एवढंच विचारलं, "हे साहेबाले दाखवसान नं?"

७ एप्रिल, रात्री घरून

मॅनेजर साहेब एक प्रश्न विचारणारच, म्हणून आधीच लिहून ठेवते: आज एनव्हीआर ३१ मिनिटं मागे आहे, पण ४ तारखेला तेवढाच मागे होता कशावरून?

रॅकच्या दारावर बसवणाऱ्याची चिकटपट्टी आहे, एप्रिल २०२३. दोन वर्षांत १८६८ सेकंद, म्हणजे दिवसाला सुमारे अडीच सेकंद. हे दर दहा लाख सेकंदांमागे तीसच्या आसपास येतं. साध्या क्वार्ट्झला, तेही अशा खोलीत, हे अगदी शक्य आहे. घड्याळात असतो तो ३२,७६८ हर्ट्‌झचा स्फटिक पंचवीस अंशांच्या आसपास सर्वांत बरा चालतो. त्याच्या वर गेलं काय आणि खाली आलं काय, तो मंदच होतो, आणि हा मंदपणा अंशांच्या फरकाच्या वर्गाने वाढतो. पंचेचाळीस अंशांवर एकट्या उष्णतेमुळे दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास जातो. नागपूरच्या टिनाखाली बसवलेलं घड्याळ मागे पडतं ते यामुळे. दिवसाला अडीच धरले तर तीन दिवसांत सात-आठ सेकंद. चोवीस मिनिटांपुढे ते काहीच नाही.

लॉगर पुढे का, हेही कळलं. वर्षभरापूर्वी कुणीतरी तो हाताने लावला, ऑफिसच्या भिंतीवरचं घड्याळ पाहून. आणि ते घड्याळ पाच-सहा मिनिटं पुढेच ठेवतात, म्हणजे माणसं वेळेवर येतात.

८ एप्रिल, मंगळवार

मॅनेजर साहेबांसमोर वही आणि फोटो ठेवले. त्यांनी शांतपणे ऐकलं. अपटाइमचा हिशेब स्वतः कॅल्क्युलेटरवर करून पाहिला, दोनदा. मग म्हणाले, "लाइन आल्यावर बाकीचे तीन चेंबर बरोबर राहिले, मग तीनच का चढला?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, ते वीजमिस्त्रींकडे. त्यांना बोलावलं आहे. तोपर्यंत लाल ओळ तशीच.

आता स्विच. वेबपानावर सिस्टीम, मग टाइम. स्रोत "लोकल" होता तो "एसएनटीपी" केला (नेटवर्कवरून वेळ विचारण्याच्या एनटीपी पद्धतीचं साधं रूप), सर्व्हरच्या चौकटीत राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरचं नाव घातलं, सेव्ह केलं. स्थिती: "नॉट सिंक्रोनाइझ्ड". दहा मिनिटांनी तेच.

पहिलं कारण लगेच सापडलं. स्विचला स्वतःचा पत्ता दिलेला होता, पण गेटवे (बाहेर जायचं दार) आणि डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा) दोन्ही चौकटी रिकाम्या. नेटवर्कच्या आतून त्याचं पान उघडायला गेटवे लागत नाही, म्हणून दोन वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. स्वतः बाहेर जाऊन काही विचारायची पाळी आली तेव्हा ते उघडं पडलं. दोन्ही भरले. नाव सुटून पत्ता मिळाला, तरी उत्तर येईना. राउटरमधून यूडीपीचं १२३ नंबरचं पोर्ट, म्हणजे वेळ विचारायची वाट, बाहेर जायला बंद.

ते सगळ्यांना उघडणं सोपं होतं. ते केलं नाही. स्विच, एनव्हीआर, लॉगर यांना इंटरनेटवर जायचं काही कारणच नाही. या यंत्रांची फर्मवेअर वर्षानुवर्षं जुनी राहते. आत एकच वेळ-सर्व्हर ठेवायचा, बाहेर फक्त त्यानेच विचारायचं आणि बाकीच्यांनी त्याला विचारायचं, असं ठरवलं. खर्च थोडा. साहेबांनी होकार दिला.

९ एप्रिल

सीताबर्डीच्या बाजारातून रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक, पुढे नुसतं "पाय"), डबा, कार्ड आणि डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल आणलं. या मॉड्यूलमध्ये स्फटिकाशेजारी तापमापक असतो आणि ते उष्णतेप्रमाणे स्वतःला सावरून घेतं. शून्य ते चाळीस अंशांत दहा लाखांत दोन, म्हणजे दिवसाला ०.१७ सेकंदाच्या आत. वर गोल बटण-बॅटरी. वीज आणि इंटरनेट दोन्ही गेल्यावरही वेळ जिवंत राहावी, त्यासाठी हे.

१० एप्रिल, गुरुवार

पायवर क्रोनी हे वेळ जुळवणारं सॉफ्टवेअर बसवलं. स्रोत तीन: एनआयसीचे "समय १" आणि "समय २", आणि तिसरा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा. भारतीय प्रमाणवेळ दिल्लीतली हीच प्रयोगशाळा राखते. शिवाय सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्यांनी आपली घड्याळं एनआयसी किंवा याच प्रयोगशाळेच्या वेळेशी, नाहीतर त्यांच्यापर्यंत माग लागेल अशा सर्व्हरशी जुळवावीत असं आहे. लॉग १८० दिवस ठेवायचे, हेही तिथलंच. मॅनेजर साहेबांना हे माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी छापून फाइलला लावलं.

तीन का? एकच असेल आणि तो चुकला तर कळतच नाही. दोन असतील आणि त्यांच्यात फरक पडला तर कोण बरोबर हे ठरवता येत नाही. तिसरा आला की दोघांची साक्ष जुळते आणि चुकणारा बाजूला पडतो.

"रीच" नावाचा आकडा पाहत बसले. मागच्या आठ विचारण्यांपैकी कितींना उत्तर आलं, ते तो आठ खुणांत साठवतो आणि अष्टमान पद्धतीने दाखवतो: १, ३, ७, १७, ३७, ७७, १७७, ३७७. तीनशे सत्त्याहत्तर म्हणजे आठपैकी आठ. हा आकडा पायरी-पायरीने चढताना पाहिला की तार, पोर्ट, राउटर, सगळं नीट आहे असं कळतं. मधूनच ३७६ दिसलं तर शेवटचं एक उत्तर आलं नाही. बारा वाजेपर्यंत तिन्ही ३७७ वर, फरक दोन-तीन मिलिसेकंद.

माझ्याबरोबर पॉलिटेक्निकचा मुलगा आहे. त्याने विचारलं, "ताई, दिल्लीहून उत्तर यायला पस्तीस मिलिसेकंद लागतात, मग तोवर वेळ शिळी नाही का होत?" याचं उत्तर द्यायला मला फार आवडतं. चार ठसे असतात. आपण विचारलं ती आपली वेळ, तिकडे पोचलं ती तिकडची, तिकडून निघालं ती तिकडची, आणि आपल्याकडे आलं ती आपली. चौथ्यातून पहिला वजा केला, त्यातून तिकडे गेलेला वेळ काढला की निव्वळ प्रवास उरतो. जाण्याचा आणि येण्याचा प्रवास सारखा धरला की त्याचा अर्धा भाग कापून दोन घड्याळांतला फरक हाती येतो. शिळेपणा असा मोजून काढून टाकता येतो. पुढे डेलावेअर विद्यापीठात गेलेल्या डेव्हिड मिल्स यांनी हे १९८५ साली कागदावर मांडलं आणि पुढची कित्येक वर्षं घासूनपुसून नेमकं करत राहिले. त्यांची दृष्टी उतारवयात गेली तरी काम थांबलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये ते वारले. आज कळमन्यात मिरचीच्या पोत्यांशेजारी तीच चार ठशांची वजाबाकी चालली आहे. मुलाला वहीत चार रेघा काढून दाखवलं, मग त्याने स्वतः करून दाखवलं.

क्रोनीत आणखी दोन गोष्टी. सुरू झाल्यावरच्या पहिल्या तीन दुरुस्त्यांत फरक एका सेकंदाहून मोठा असेल तरच उडी मारायची. त्यानंतर घड्याळाचा वेग किंचित कमीजास्त करून हळूहळू जुळवायचं. आणि बाहेरचे तिन्ही स्रोत तुटले तरी आतल्यांना वेळ देत राहायचं, पण स्वतःला दहाव्या स्ट्रॅटमवरचा, मूळ घड्याळापासून दहाव्या पायरीवरचा, म्हणवून, म्हणजे आपण मूळ घड्याळापासून लांब आहोत हे न लपवता.

११ एप्रिल, शुक्रवार

स्विचला सर्व्हर म्हणून पायचा पत्ता दिला, १९२.१६८.१०.५. नावाऐवजी आकडे, म्हणजे डीएनएसवर अवलंबून राहायला नको. एका मिनिटात "सिंक्रोनाइझ्ड". वेळ मात्र साडेसहा तास... नाही, नीट पाहिलं, साडेचार तास मागे.

नेटवर्कवरून येते ती नेहमी जागतिक वेळ, यूटीसी. भारतीय वेळ नेटवर्कवर फिरतच नाही. साडेपाच तास प्रत्येक यंत्र स्वतः मिळवतं. मग पूर्ण साडेपाच तासांचा फरक दिसायला हवा, साडेचारचा कसा? "डेलाइट सेव्हिंग" नावाची टिकमार्क कारखान्यातूनच चालू आलेली. अमेरिकेत ९ मार्चला घड्याळं एक तास पुढे गेली, त्या नियमाने स्विचनेही एक तास पुढे घातला. आपल्याकडे ही भानगड नाही, टिकमार्क काढली. वेळपट्ट्याला दोन चौकटी आहेत, तासांची आणि मिनिटांची. तासांत ५ आणि मिनिटांत ३० घालायचं. मिनिटांची चौकट खाली ढकललेली आहे, ती चुकली की अर्धा तास जातो. बरोबर पाच तास किंवा बरोबर अर्धा तास असा गोल फरक दिसला तर घड्याळाला दोष देऊ नये, आधी वेळपट्टा पाहावा. खरं घड्याळ चुकतं ते ३१ मिनिटं ८ सेकंद असं वाकडंतिकडं.

संध्याकाळी एक चूक माझ्याकडून झाली. वीज काढून परत घालून पाहू म्हटलं. प्लग काढला, लावला, आणि स्विच पुन्हा १९७० मध्ये, गेटवे रिकामा, सर्व्हर रिकामा. वेबपानावरचं "अप्लाय" फक्त चालू स्मृतीत लिहितं. कायमचं ठेवायला वर कोपऱ्यात वेगळं "सेव्ह" आहे. हे मला माहीत असून दाबलं नव्हतं. सगळं पुन्हा भरलं, सेव्ह केलं, कॉन्फिगरेशनची प्रत लॅपटॉपवर आणि पायवर ठेवली. पुन्हा प्लग काढला. या वेळी दोन मिनिटांच्या आत बरोबर वेळ.

१२ एप्रिल, शनिवार

हनुमान जयंती, मार्केट थंड, म्हणून लॉगर आज घेतला.

लॉगर सहा मिनिटं पुढे आहे, म्हणजे त्याला मागे आणायचं. यात खरा धोका आहे. तो दर मिनिटाला नोंद घेतो. चालू असताना वेळ मागे ओढली तर ११:०० ते ११:०६ ही मिनिटं त्याच्या वहीत दोनदा येतील, दोन वेगळ्या तापमानांसकट. पुढे कधी वाद झाला तर कोणती ओळ आधीची, हे कुणी सांगू शकणार नाही. म्हणून नोंद थांबवली, जुनी फाइल उतरवून घेतली, वेळ लावली आणि खरं घड्याळ त्याच्या जुन्या शेवटच्या नोंदीच्या पुढे जाईपर्यंत थांबले. आठ मिनिटं. तेवढा वेळ मुलगा हातातला थर्मामीटर घेऊन चारही चेंबर फिरला आणि कागदावर लिहीत गेला. मग नोंद सुरू केली. वहीत आठ मिनिटांचं रिकामं अंतर पडलं, पण एकही मिनिट दोनदा आलं नाही. रजिस्टरमध्ये कारणासकट लिहिलं, मॅनेजर साहेबांची सही घेतली.

एनव्हीआर मागे होता, त्याला पुढे आणताना ही अडचण नाही. फक्त अंतर पडतं. त्याच्या एनटीपीच्या चौकटीत पायचा पत्ता, दर तासाला. वजनकाट्याचा संगणक दोन मिनिटांत झाला.

दुपारी वीजमिस्त्री आले. तीन नंबरच्या गार कॉइलवरून हवा फिरवणाऱ्या पंख्यांचा स्टार्टर वेगळ्या धाटणीचा निघाला. एकदा वीज गेली की तो सुटतो आणि बटण दाबल्याशिवाय परत लागत नाही. बाकीच्या तिघांचे आपोआप लागतात. म्हणजे त्या रात्री काकांनी मशीन चालू केली, तीन चेंबरचे पंखे फिरू लागले, तीन नंबरचे तसेच थांबून राहिले. पंखे चेंबरच्या आत, जाड दाराआड. बाहेर आवाज येतच नाही. तापमान सहाच्या वर गेल्यावर अलार्म वाजला आणि मग काका आत गेले. मिस्त्रींनी मॅनेजर साहेबांसमोरच मुख्य वीज पाडून उठवून दाखवली. तीन नंबरचे पंखे थांबलेले.

साहेब काही वेळ त्या पॅनेलसमोर उभे राहिले. मग मला म्हणाले, तो वहीतला हिशेब छापून द्या.

१५ एप्रिल, मंगळवार

काल सुट्टी होती. आज दोन कामं.

पहिलं, स्विच यूपीएसवर घेतला. पण घेताना लक्षात आलं की त्या रात्री वीज गेल्याचा एकमेव पुरावा स्विचचा अपटाइम होता, आणि तो यूपीएसवर गेला की हा साक्षीदार गप्प होतो. म्हणून यूपीएसची यूएसबी तार पायला जोडली. लाइन गेली, आली, दोन्ही वेळा सेकंदासकट नोंद. स्विचचे लॉगही आता पायकडे येतात आणि आल्याची वेळ पाय स्वतः मारतो. उद्या स्विच पुन्हा १९७० सांगू लागला तरी शेजारी खरी वेळ असेल.

दुसरं कामाचं नव्हतं, पण करायचं होतं. वर्षातून चारच दिवस सूर्याचं घड्याळ आणि आपलं सरासरी घड्याळ जुळतं, त्यातला एक एप्रिलच्या मध्यावर. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, नागपूर ७९.१ च्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे आज इथे सूर्य बारा वाजून साडेतेरा मिनिटांच्या सुमारास डोक्यावर यायला हवा. अंगणात एक सळई सरळ रोवली. सावली सर्वांत लहान कधी होते हे डोळ्यांना नीट कळत नाही, म्हणून ११:३३ ला तिचं टोक जिथे होतं तिथून सळईभोवती वर्तुळ काढलं आणि सावली परत त्या वर्तुळाला कधी टेकते ते पाहत बसलो. मी, तो मुलगा आणि काका, तिघेही डोक्याला दुपट्टा बांधून. टेकली १२:५४ ला. दोन्हींचा मध्य १२:१३:३०. पायची वेळ, दिल्लीची वेळ आणि अंगणातली सावली, तिन्ही जुळल्या.

१७ एप्रिल, गुरुवार

काल सकाळी अकराला फायबरची तार काढून ठेवली होती, आज अकराला लावली. चोवीस तास बाहेरची वेळ नाही. या भागात रस्ते खोदताना फायबर तुटते, तेव्हा हे होणारच आहे. जोडल्यावर पायचा फरक निघाला ४१ मिलिसेकंद. स्विच, एनव्हीआर, लॉगर पूर्ण वेळ पायच्या मागे नीट.

२ मे, शुक्रवार

पंधरा दिवसांनी तपासणी. तिन्ही स्रोत ३७७. एनव्हीआर आणि लॅपटॉप पुन्हा एका फोटोत घेतले, सेकंद एकच. लॉगर दिवसातून एकदाच वेळ विचारतो, त्याच्यात एक सेकंद फरक राहतो, तो चालेल. २६ एप्रिलला रात्री ३:१२ ला लाइन नऊ सेकंद गेली होती. यूपीएसची नोंद आहे, तीन नंबरच्या पंख्यांचा नवा स्टार्टर परत लागल्याची खूण तापमानाच्या आलेखात आहे, तिथे रेघ हललेली नाही.

रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला: पायचा पत्ता, "अप्लायनंतर सेव्ह", वेळपट्टा ५ आणि ३०, आणि ७ एप्रिलला मोजलेले तीन फरक. १२ एप्रिलआधीची कुठलीही नोंद वाचायची असेल तर हे फरक लागतील.

बाकी काम: एनव्हीआरची बटण-बॅटरी बदलणे. खोलीला एक्झॉस्ट पंखा, साहेबांनी मंजूर केला आहे. पायच्या कार्डाची दुसरी प्रत.

काकांना एप्रिलचा पगार पूर्ण मिळाला. हजेरीपत्रकातली लाल ओळ खोडून मॅनेजर साहेबांनी तिच्यावर तारीख आणि वेळ घालून सही केली आहे: ३० एप्रिल, १७:४२.